वेळ कोणाचा?

"इच्छा असली की वेळ काढता येतो." आमच्या धावण्याच्या ग्रुपवर दर रविवारी हे वाक्य येतं. सोबत फोटो. रात्रीचे दोन वाजल्याचं दाखवणारं मनगटावरचं घड्याळ, कपाळावर बॅटरी, मागे काळोख आणि खाली 'नो एक्स्क्यूजेस'. मग अंगठे, टाळ्या, ज्वाळा. आणि कोणीतरी हमखास लिहितंच, "सर, तुमच्या जिद्दीला सलाम!"

मला या सलामांचा आता मनापासून वैताग आलाय. धावण्याचा नाही हं. तो यायचा असता तर इतक्या वर्षांत आला असता.

हे आत्ताच लिहायचं कारण माझी एक मैत्रीण. आमच्यातल्या बायकांत सगळ्यात चिवट. मॅरेथॉन माझ्या पंचवीस मिनिटं आधी संपवते. तिने जूनच्या शर्यतीसाठी नाव नोंदवलं होतं आणि मार्चमध्ये सगळं सोडून दिलं. घरी वडील आहेत, त्यांना विस्मरणाचा आजार आहे, रात्री उठून कडी काढून बाहेर पडतात. तिला रात्री घर सोडता येत नाही, इतकं साधं कारण. ग्रुपवर तिने तेही लिहिलं नाही, नुसतं "यंदा जमत नाही" एवढंच लिहिलं. त्यावर एका ज्येष्ठ धावपटूंचं उत्तर आलं, "शेवटी ज्याच्या त्याच्या प्रायॉरिटीज असतात." पुढे हसरा चेहरा.

त्या हसऱ्या चेहऱ्याला हे उत्तर. जरा लांबेल.

आधी ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी (म्हणजे आत्या, दोन्ही मामा आणि सासरची तमाम मंडळी) थोडं. मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची. त्याच्यापेक्षा लांबची कुठलीही शर्यत म्हणजे अल्ट्रा. पुण्या-मुंबईच्या धावणाऱ्यांच्या तोंडी सतत असते ती दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स. डर्बन आणि पीटरमारित्झबर्ग (हो, गांधीजींना गाडीतून उतरवलं तेच) यांच्यामधलं ८५ ते ९० किलोमीटर अंतर, साधारणपणे एका वर्षी चढाच्या दिशेने, पुढच्या वर्षी उताराच्या. मुदत बारा तासांची. बारा तास भरले की शेवटच्या रेषेवर बंदुकीचा बार निघतो, आणि बार काढणारा माणूस धावपटूंकडे पाठ करून उभा असतो. कोण किती जवळ आलंय हे दिसून त्याचा हात अडखळायला नको म्हणून. एका सेकंदाने चुकलात तरी पदक नाही. व्हिक क्लॅफम नावाच्या सैनिकाने पहिल्या महायुद्धात मेलेल्या साथीदारांच्या आठवणीसाठी १९२१ मध्ये ही सुरू केली. पहिल्या वर्षी ३४ जण निघाले, १६ पोचले.

शर्यत जूनमध्ये. तिकडे तेव्हा हिवाळा. पण तयारीचे सगळ्यात जड आठवडे आपल्याकडे येतात मार्च, एप्रिल आणि मेच्या सुरुवातीला. सगळी मेख इथे आहे. शर्यतीच्या पाच-सहा आठवडे आधी एक मोठी धाव करायची पद्धत आहे, ५०-६० किलोमीटरची. माझ्यासारखी मागच्या फळीतली बाई किलोमीटरला आठ मिनिटं धरते. ५६ गुणिले आठ म्हणजे ४४८ मिनिटं, साडेसात तास. एप्रिलमध्ये पुण्यात सकाळी नऊनंतर डांबर पायाखाली तापायला लागतं, आणि सिंहगड रोडवर त्याच्या आधीच गाड्या लागलेल्या असतात. नवातून साडेसात वजा करा. दीड. रात्रीचा दीड.

बस्स, एवढंच आहे ते. यात जिद्द कुठून आली? तिसरीतली वजाबाकी आहे.

गंमत म्हणजे कॉम्रेड्स ही दिवसाउजेडीची शर्यत आहे. पहाटे अंधारात सुटते, तासाभरात उजाडतं, अगदी शेवटचा माणूससुद्धा अंधार पडता पडता पोचतो. म्हणजे तयारी म्हणून बघितलं तर मध्यरात्री पळणं ही चुकीच्या वेळची तालीम. ऊन आणि ट्रॅफिक चुकवायला आपण ती करतो. रात्रीचाच सराव लागणाऱ्या शर्यती वेगळ्या. ग्रीसमधली स्पार्टाथलॉन, अथेन्स ते स्पार्टा २४६ किलोमीटर, ३६ तासांत. मध्ये एक आख्खी रात्र, आणि त्या रात्रीत डोंगर चढायचा. किंवा लडाखची ७२ किलोमीटरची खारदुंगला चॅलेंज, पहाटे तीनला अंधारातच सुटते. तिथे बॅटरीच्या उजेडात पाऊल कुठे टाकायचं, रात्री दोनला पोटात काय टिकतं, डोळे मिटत असताना चालत कसं राहायचं हे शिकावंच लागतं. त्यांनी खुशाल रात्री पळावं. आमच्या ग्रुपवरचे फोटो मात्र कॉम्रेड्सवाल्यांचेच असतात.

बरं, दीडला निघायचं तर एकला उठायचं. एकला उठायचं तर आदल्या रात्री आठला झोपायचं. पुण्यातल्या दोन खोल्यांच्या घरात शनिवारी रात्री आठला कोण झोपू शकतं? ज्याच्या मुलांना जेवायला दुसरं कोणी वाढतं, ज्याचं ताट दुसरं कोणी उचलतं आणि ज्याच्यासाठी टीव्हीचा आवाज कमी केला जातो, तो. सकाळी परत आल्यावर आंघोळ करून, पोहे खाऊन, दुपारी चारपर्यंत पडदे ओढून कोण घोरू शकतं? तोच. रविवारभर आख्खं घर त्याच्याभोवती चवड्यांवर चालतं. "हळू, बाबा झोपलेत." तो फोटो नीट बघा. त्या मनगटाच्या खाली कमरेला पट्टा असतो, पट्ट्यात डबी असते, डबीत मीठ लावलेले उकडलेले बटाटे असतात. ते बटाटे सरांनी उकडलेत असं मला तरी आजवर कोणी सांगितलेलं नाही.

हे मी मनाचं बोलत नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०२४ मध्ये लोक दिवसाचा वेळ कसा घालवतात याची पाहणी केली. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची रोजची सरासरी आली २८९ मिनिटं, पुरुषांची ८८. आणि ही सरासरी फक्त जे काम करतात त्यांची. घरकामाला हातच न लावणारे पुरुष यात धरलेलेच नाहीत. फरक रोजचा २०१ मिनिटांचा, म्हणजे आठवड्याला साडेतेवीस तासांच्या आसपास. कॉम्रेड्सच्या तयारीला ऐन भरात मला आठवड्याला दहा-अकरा तास लागतात. म्हणजे त्या फरकात दोन माणसांची कॉम्रेड्स आरामात बसते.

'वेळ काढणं' म्हणजे काय विहिरीतून पाणी काढणं आहे का? एकाच्या ताटातला दुसऱ्याच्या ताटात जातो, तेव्हा तो 'निघतो'.

माझा वेळही असाच कोणाचातरी आहे, लपवायचं काय त्यात. मी दीडला एकटी निघत नाही. नवरा स्कूटरवर मागे असतो. ताशी सात-आठ किलोमीटरने साडेसात तास स्कूटर चालवून बघा कधीतरी. डिकीत पाणी, ताक, खजूर, राजगिऱ्याचे लाडू, इलेक्ट्रॉल आणि कुत्र्यांसाठी पार्ले-जी. (रात्री तीनला प्रत्येक चौकातल्या कुत्र्यांची हद्द ठरलेली असते आणि प्रत्येक हद्दीचा टोल वेगळा.) सासूबाई त्या रात्री मुलीजवळ झोपतात. म्हणजे माझ्या एका ५६ किलोमीटरला माझी धरून तीन माणसांची झोप लागते. ग्रुपवर मला 'सुपरवुमन' म्हणतात. स्कूटरवाल्याला कोणी काहीच म्हणत नाही. त्याचं म्हणणं, निदान पेट्रोलचं तरी कौतुक करा. :)

आणि तो मागे नसेल तर मी निघूच शकत नाही. रस्ता तसा सगळ्यांनाच धोक्याचा. दारू पिऊन गाडी हाकणारा बाई-पुरुष बघत नाही. मार्च २०२३ मध्ये वरळी सी-फेसवर सकाळी साडेसहाच्या सुमाराला धावायला आलेल्या एका बाईंना भरधाव गाडीने उडवलं, त्या गेल्या. शंभरीनंतरही मॅरेथॉन धावलेले फौजा सिंग वयाच्या ११४ व्या वर्षी, जुलै २०२५ मध्ये, गावाजवळच्या रस्त्यावर गाडीच्या धडकेतच गेले. तेही भर दिवसा. पण बाईच्या हिशेबात याखेरीज आणखी एक रकाना असतो. चढणीच्या सरावासाठी बोपदेव घाट फार छान रस्ता आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथे रात्री काय झालं ते पुणेकरांना सांगायला नको. त्यानंतर आमच्यातली एकही बाई अंधारात तिकडे फिरकलेली नाही. पुरुषांचे तिथले फोटो येतात.

गस्तीवरचे पोलीस दोघांनाही थांबवतात. माझ्यापुढे दहा मिनिटांवर धावणाऱ्या सरांना विचारतात, "कुठली मॅरेथॉन, साहेब?" मला विचारतात, "काय झालं मॅडम, घरी काही भांडण?" आता सांगा, नो एक्स्क्यूजेस.

बाय द वे, रात्री तीनला रस्त्यावर आम्हीच जागे असतो हाही एक गोड गैरसमज. पेपरचे गठ्ठे सोडून पुरवण्या घालणारी पोरं असतात, दुधाचे क्रेट उतरवणारे असतात, मार्केट यार्डाकडे भाजीचे टेम्पो निघालेले असतात, रात्रपाळी संपवून रिक्षाची वाट बघणाऱ्या नर्स असतात. त्यातल्या कोणी घड्याळाचा फोटो काढलेला मी अजून पाहिला नाही.

जिद्दीच्या या पुराणाला माझा खरा आक्षेप असा आहे, की जिद्द हा शब्द एकदा वापरला की बाकीचं काही विचारावंच लागत नाही. ज्याला जमलं त्याच्यात ती होती, ज्याला नाही जमलं त्याच्यात नव्हती. झालं. कॉम्रेड्सचाच इतिहास बघा. १९२३ मध्ये फ्रान्सिस हेवर्ड नावाच्या बाईंनी अर्ज केला, तो नाकारला गेला. त्या तरीही धावल्या आणि ११ तास ३५ मिनिटांत पोचल्या. पदक नाही. मग प्रेक्षकांनी आणि सोबतच्या धावपटूंनी मिळून त्यांना काय दिलं? चांदीचा चहाचा सेट आणि एक फुलदाणी! कौतुक भरपूर, नोंद शून्य. १९३५ मध्ये रॉबर्ट म्त्शाली नावाचा काळा धावपटू असाच परवानगीविना धावून गेला. बायकांना आणि काळ्यांना अधिकृत प्रवेश मिळाला १९७५ मध्ये. त्यांच्या नावाचं पदक आलं २०१९ मध्ये. मधली सगळी वर्षं काय या लोकांची जिद्द कमी पडत होती? दार बंद होतं हो. आतून.

अलीकडचं उदाहरण हवं असेल तर २०१८ मधला तो गाजलेला फोटो आठवा. आल्प्समधली मॉन्ट ब्लांकभोवतीची १७१ किलोमीटरची शर्यत, आणि मधल्या थांब्यावर तीन महिन्यांच्या बाळाला दूध पाजणारी सोफी पॉवर. जगभर फिरला. आमच्याही ग्रुपवर आला, "ही करू शकते, मग तुम्ही का नाही?" असं लिहून. त्या बाईंचं स्वतःचं म्हणणं काय आहे ते कोणी वाचलं नाही. दुखापत झाली असती तर त्यांना आपली जागा पुढच्या वर्षी ढकलता आली असती. गरोदरपणासाठी तशी सोय नव्हती. म्हणून त्या बाळंतपणानंतर तीन महिन्यांनी डोंगरात होत्या. पुढे त्यांनी शर्यतींचे हेच नियम बदलून घ्यायचं काम हाती घेतलं. म्हणजे त्यांनी दाखवला नियमातला खड्डा, आणि आम्ही त्याचं पोस्टर करून भिंतीला लावलं.

आता झोपेबद्दल, कारण त्यावर कोणी बोलतच नाही. हल्लीची घड्याळं झोपही मोजतात आणि आमच्याकडे कमी झोप हा मिरवायचा आकडा आहे. "फक्त अडीच तास झोपून ५० केले!" अरे बाबा, धावताना शरीर मोडतं, ते परत बांधलं जातं ते झोपेत. अमेरिकेत १६४ निरोगी माणसांच्या नाकात सर्दीचे विषाणू मुद्दाम सोडून एक प्रयोग झाला, निष्कर्ष २०१५ मध्ये आले. सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी व्हायची शक्यता सातहून जास्त तास झोपणाऱ्यांच्या चौपट होती. दुसरीकडे, केपटाउनची टू ओशन्स ही ५६ किलोमीटरची शर्यत. १९८२ मध्ये तिथल्या धावपटूंची पाहणी झाली, तेव्हा शर्यतीनंतरच्या दोन आठवड्यांत त्यांच्यातल्या साधारण ३३ टक्के लोकांना घसा-सर्दीने धरलं होतं, आणि त्यांच्यासोबत राहणाऱ्या न धावणाऱ्यांपैकी १५ टक्क्यांना. लांब धावण्याने आधीच हे होतं, त्यात वरून झोप कापायची, आणि मग मेमध्ये अर्धा ग्रुप खोकत असतो. त्याला नाव देतात 'हवामान'.

यावर उपाय नाही असंही नाही. एकाच रविवारी ५६ न करता शनिवारी ३० आणि रविवारी २६ करायचे, थकलेल्या पायांवर दुसरा दिवस. अल्ट्रावाल्यांची ही जुनी, जगभर चालणारी पद्धत आहे. माझ्या वेगाने दोन्ही दिवशी साडेचारला निघून साडेआठपर्यंत घरी. रात्र मोडत नाही. स्कूटरवाला घरी झोपतो, कारण साडेचारला आम्ही पाच-सहा जणी एकत्र निघतो, आणि घराजवळच्या चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्या मारतो, म्हणजे कोणालाही कधीही घरी फिरता येतं. दोन सकाळी मोडतात हे खरं, पण दोन सकाळी वाटून घेता येतात, एक आख्खी रात्र नि एक आख्खी दुपार नाही वाटता येत. मी हे ग्रुपवर सुचवलं. उत्तर आलं, "त्यात ती मजा नाही." मजा म्हणा ना मग! मजेला माझी काहीच हरकत नाही. रात्री रिकाम्या रस्त्यावर धावायला मजा येतेच. खडकवासल्याच्या पाण्यावरून वारा येतो, पावलांचा आवाज फक्त स्वतःचा, मलाही आवडतं. पण मजेला कोणी सलाम करत नाही ना, म्हणून तिला जिद्द म्हणायचं.

दोन आक्षेप येणार ते मला ठाऊक आहेत. पहिला, "घरचे सगळं आनंदाने करतात." करत असतील. विचारलंय का? आणि त्यांची कुठली हौस आहे जिच्यासाठी तुम्ही कधी रात्री एकला उठलात? दुसरा, "म्हणजे जिद्द लागतच नाही?" लागते की. चढाच्या वर्षी पंचाहत्तरहून जास्त किलोमीटर मांड्या भरून आल्यावर समोर पॉली शॉर्ट्स नावाचा डोंगर येतो, तिथे लागते. तो चढ धावत चढणाऱ्या कोणालाही, अगदी आमच्या सरांनाही, मी वाकून नमस्कार करीन. तिथे बटाटे कोणी उकडले याने काही फरक पडत नाही. पण तिथपर्यंत पोचायला जी सहा महिन्यांची शिडी लागते, ती कोणीतरी खाली धरून उभं असतं. ज्यांची शिडी धरायला कोणी नाही त्यांना वरून "प्रायॉरिटीज" म्हणून ओरडायचं नसतं.

असो. कामाचं बोलते. मैत्रिणीला मी विचारलं की एखाद्या रविवारी तुझ्या बाबांजवळ कोणी बसलं तर? ती म्हणाली, अनोळखी चेहरा दिसला की ते बिथरतात, सवय व्हायला महिने लागतील. महिने आहेत आपल्याकडे, पुढची शर्यत वर्षभर लांब आहे. तेव्हा मी आणि ग्रुपमधली आणखी एक, अशा दोघी आता दर गुरुवारी संध्याकाळी तिच्याकडे चहाला जातो. काकांशी गप्पा मारतो. ते पाटबंधारे खात्यात होते, पानशेतबद्दल विचारलं की खुलतात. पहिल्या गुरुवारी ते आतल्या खोलीतून बाहेर आलेच नाहीत. दुसऱ्या वेळी माझ्याकडे बघून मुलीला म्हणाले, "या बाईंना जायला सांग." या गुरुवारी मला कोणीतरी माहेरची समजले असावेत, कारण "इतक्या उशिरा का आलीस" म्हणून रागावले आणि बशीतलं अर्धं बिस्कीट पुढे केलं.

आणखी दोघं हवी आहेत. घर कोथरूडला आहे, जिना नाही. पुरुष असतील तर जास्त बरं, काकांना क्रिकेटवर बोलायला आवडतं आणि आम्हा दोघींना त्यातलं काही कळत नाही.